डावखुऱ्या साहेबांचा पिक्चर

माझी फजिती मीच सांगते. दुसऱ्या कुणी सांगितली तर तो तिखटमीठ लावणार, मग मला त्याच्या दारात जाऊन भांडावं लागणार. त्यापेक्षा बसा, चहा घ्या, आणि हसायचं असेल तर शेवटी हसा. मध्येच हसलेलं मला चालत नाही.

तर गोष्ट एका इंग्रजी पिक्चरची. इंग्रजी म्हणजे माणसं गोरी, बोलणं हिंदीत. त्यातही हा दुसरा भाग. पहिला भाग मी पाहिलेला नाही, आणि त्यावाचून माझं काही अडलं नाही. जे नुकसान व्हायचं ते दुसऱ्या भागानंच केलं.

मी राहू गावची लेक. दौंड तालुका सोडून शिरूर तालुक्यात, कवठे येमाईला नांदायला आले, त्याला सहा महिने झाले असतील. जत्रेत तंबूचं टॉकीज आलं आणि आमचं सगळं घर पिक्चरला गेलं. पिक्चरमध्ये एक म्हातारा बाप, नकाशे वाचणारा, तोंडाचा पट्टा चालू. आणि त्याचा दांडगा पोरगा. दोघांचं एकमेकांशी घडीभर पटत नाही, पण वाळवंटात पुरलेली सोन्याची घंटा शोधायला निघालेत बरोबरच.

शेवटाला दोघं डोंगराच्या पोटात सापडतात. समोर दोन भुयारं. दोघं आपल्याकडं पाठ करून उभे. बापाचे हात चोरांनी बांधून टाकलेले, त्यामुळं त्याला बोट दाखवता येत नाही. तो नुसता ओरडतो, "दाहिने जा, दाहिने!" दाहिने म्हणजे उजवीकडं, एवढं हिंदी मला तेव्हाही येत होतं. आणि पोरगा काय करतो? बापाला खांद्यावर टाकतो आणि सरळ डावीकडच्या भुयारात शिरतो. तो आत शिरला न शिरला तोच उजवीकडचं भुयार धडाधड कोसळलं. बाप वाचला, पोरगा वाचला, घंटा मिळाली.

का वाचले? पोरानं बापाचं ऐकलं नाही म्हणून.

हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मी शिकले चौथीपर्यंत. चार वर्षांत गुरुजींनी जे शिकवलं त्यातलं बरंच विसरले, पण हा धडा विसरले नाही. माझा पोरगा सागर पोटात असल्यापासून त्याला हीच गोष्ट सांगितली. सासूबाई म्हणायच्या पोरांना चांगलं काहीतरी सांगावं. मी म्हणायचे, ह्याच्यापेक्षा चांगलं काय असतं? पोरगा बापाचं ऐकेनासा झाला तेव्हा मला वाटलं, चला, संस्कार लागले.

त्या पिक्चरमधून मला आणखी एक ज्ञान मिळालं होतं. गोरी माणसं झाडून सगळी डावखुरी असतात. डाव्या हातानं जेवतात, डाव्या हातानं गोळी झाडतात, एकमेकांच्या हातात हात देतात तोही डावा. मी पाहिलेलं. तुम्ही मला सांगू नका.

पाच-सहा वर्षांमागं पाबळकडनं एक गोरा पाहुणा शेती बघत बघत आमच्या रानात आला. झेंडूचे फोटो काढले, जेवायला थांबला. बिचाऱ्यानं भाकरीला उजवा हात घातला. मला वाटलं, आपली रीत पाळायला स्वतःचे हाल करून घेतोय. मी त्याचा उजवा हात हळूच धरला, त्याच्या मांडीवर ठेवला, आणि डावा हात ताटात घातला. म्हटलं, "लाजू नका साहेब, घर तुमचंच हाय." पिठलं त्याच्या भुवईपर्यंत गेलं, पण माणूस पोटभर जेवला. जाताना मी त्याच्या हातात हात दिला, तोही डावाच. मग गल्लीभर सांगितलं, बघा, मी म्हणत होते की नाही?

आता मुद्द्यावर येते.

ह्या उन्हाळ्यात विहीर तळाला गेली. अर्धा एकर झेंडू उभा सुकायला लागला. बोअर घ्यायचं ठरलं. पण कुठं? आमच्या घराकडनं रानात जाताना डाव्या हाताला चिंच आहे आणि उजव्या हाताला पत्र्याचं शेड. मालकांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, पाणी बघणारा माणूस आणला. तो तळहातावर नारळ आडवा ठेवून रानभर फिरला. चिंचेपाशी नारळ उभा राहिला. सागरनं मशीनवाला आणला. त्यानं रानात तारा पसरल्या, सळया ठोकल्या, आणि शेडपाशी खूण केली.

"मशीन म्हणतंय शेडपाशी पाणी हाय," सागर म्हणाला.

"नारळ म्हणतोय चिंचेपाशी."

"आबा, नारळाला काय कळतंय पाण्यातलं?"

"नारळाच्या पोटात पाणी तरी असतंय. तुझ्या मशिनीच्या पोटात काय हाय?"

"मग नारळालाच शेती खात्यात साहेब करा की."

झालं. त्या दिवसापासून बापलेकाचं बोलणं बंद. एका ओळीत बसून जेवायचे आणि मला मध्ये घालायचे. "तुझ्या पोराला सांग, चटणी हिकडं सरकव." "आई, आबांना सांग, चटणी त्यांच्याच म्होरं हाय." तीन आठवडे मी घरात बाई नव्हते, फोनची तार होते. इकडं झेंडू माना टाकत होता आणि बोअरची गाडी सोमवारी येणार होती. ती गाडी सहा गावं फिरत असते. एकदा परत गेली की पावसाळ्यापर्यंत तोंड दाखवत नाही.

शनिवारी सकाळी चुलत सासरे आप्पा चहाला आले होते. मी त्यांच्यासमोरच तोंड उघडलं.

"अहो, त्या घंटेच्या पिक्चरात काय झालतं, आठवतंय का? पोरानं बापाचं ऐकलं न्हाई, म्हणून दोघं जगले. शेडपाशी बोअर घ्या आन् मोकळे व्हा."

मालकांनी बशी खाली ठेवली. "काय म्हणालीस? अगं, पोरानं बापाचं ऐकलं म्हणून जगले."

"तुम्ही झोपला असाल तवा."

"मी दोनदा बघितलाय त्यो पिक्चर. दुसऱ्या दिवशी परत गेलो हुतो."

"मग दोनदा झोपला असाल."

"म्हंजी तीस वर्सं तू पोराला हेच शिकवलंस व्हय?" मालक आप्पांकडं वळले. "आप्पा, आता कळलं माझं पोरगं कुणी बिघडवलं त्ये."

सागर मोबाईलवर काहीतरी करत बसला होता. मान वर न करता म्हणाला, "आई, त्यो पिक्चर हाय हितं. हिंदीतला. टीव्हीवर लावता येतोय."

"लाव उद्या," मी म्हणाले. "आप्पा, तुम्ही साक्षीला या. पिक्चरात पोरानं बापाचं ऐकलं असलं, तर मी आयुष्यात एकदा ह्यांचं ऐकीन. तोंडातनं चकार शब्द न काढता."

आप्पा म्हणाले, "सूनबाई, एवढी मोठी पैज लावू नये माणसानं."

रविवारी दुपारी टीव्हीपुढं बसलो. मालक भिंतीला टेकून, सागर दाराशी, दोघांची तोंडं दोन दिशांना. आप्पा मध्ये, खुर्चीत. मी सगळ्यांत पुढं, पदर खोचून.

सुरुवातीलाच मला खटकलं. पोरानं बंदूक काढली ती उजव्या हातानं.

"ह्यो त्यो न्हाई," मी म्हणाले. "माझा डावखुरा हुता."

"त्योच हाय आई."

मग जेवणाचा देखावा आला. पंधरा साहेब टेबलाला बसलेले आणि पंधराही उजव्या हातानं जेवतायत.

"सागर, तू उलटा लावलायस ह्यो पिक्चर."

"उलटा असता तर वर नाव आलं ते उलटं दिसलं असतं की."

"त्यांचं नाव सुलटं कसं दिसतंय ते मला कुठं ठाऊक हाय? मला तवा बी ते कोळिष्टकच दिसत हुतं, आता बी कोळिष्टकच दिसतंय."

डोंगर आला. दोन भुयारं आली. बापाचे हात बांधलेले. "दाहिने जा, दाहिने!" मी उठून उभी राहिले. टीव्हीतल्या त्या पोराला मी मोठ्यानं सांगितलं, "डावीकडं जा, मुडद्या." पोरानं बापाला खांद्यावर टाकलं आणि गेला. उजवीकडं गेला. मागं डावीकडचं भुयार धडाधड कोसळलं.

आप्पांनी घसा खाकरला.

"पिक्चर बदललाय," मी म्हणाले. "त्या कंपनीनं मागाहून बदललाय."

मालक माझ्याकडं टक लावून बघत होते. हळू आवाजात त्यांनी विचारलं, "तू त्या दिवशी बसली कुठं हुतीस?"

"कुठं म्हंजी? बायांच्यात. सासूबाईंच्या शेजारी."

"आन् बाया कुठं बसल्या हुत्या?"

आता तुम्हाला सांगते, त्या तंबूत पडदा मधोमध टांगलेला असायचा. पिक्चरचं मशीन होतं त्या बाजूला गडीमाणसं बसायची. बाया पडद्याच्या पलीकडं. कापड पातळ, त्यामुळं पिक्चर दोन्हीकडनं दिसायचा. कुणाची तक्रार नव्हती. फक्त पलीकडनं डावं ते उजवं दिसायचं आणि उजवं ते डावं. माझ्यासकट गावातल्या सगळ्या बायांनी पिक्चर मागनं पाहिला होता. बाकीच्यांनी पाहिला आणि विसरल्या. मी एकटीनं त्यावर संसार उभा केला.

"अगं," मालक म्हणाले, "आरशात बघितल्यावाणी बघितलास तू पिक्चर." आणि त्यांना जे हसू फुटलं ते आवरेना. टोपी काढून तोंडावर धरली तरी आवाज येतच होता.

दाराशी सागर ओठ दाबून बसला होता. एकदम म्हणाला, "आबा, मग त्यो पाबळचा पाहुणा..."

"त्याच्या नाकात पिठलं गेलतं रं."

"आन् आई म्हणत हुती, लाजू नका साहेब."

बापलेक एकमेकांच्या खांद्यावर डोकी ठेवून हसले. तीन आठवडे चटणीसाठी मला मध्ये घालणारी ही दोन माणसं मला हसायला एक झाली. मी एकदा म्हणाले, पुरे. दुसऱ्यांदा म्हणाले, पुरे. मग आत जाऊन चहा टाकला, कारण लाटणं हातात घेतलं असतं तर पैज मोडली असती.

सोमवारी सकाळी बोअरची गाडी आली. ड्रायव्हर तिकडं दक्षिणेचा, हिंदी आपल्याएवढंच. गाडी घराकडनं रानात शिरली. मी आधीच पुढं जाऊन वांग्याच्या वाफ्यापाशी उभी, गाडीकडं तोंड करून.

"किधर मारना है?" ड्रायव्हरनं खिडकीतनं विचारलं.

मालक सागरला म्हणाले, "तू सांग. तू शिकलेला हाय."

"न्हाई आबा. तुम्ही मोठे, तुम्ही सांगा."

"आरं सांग की. मी कुठं न्हाई म्हणतोय?"

"पिक्चर बघितला ना काल? तुम्हीच सांगा."

आधी भांडणापायी बोअर होत नव्हतं, आता गोडव्यापायी होईना. ड्रायव्हर म्हणाला, दोन मिनिटांत सांगा, न्हाईतर पाबळला चाललो. गाडी घरघरतेय, मागं झेंडू जळतोय, आणि ही दोघं लग्नातल्या व्याह्यांसारखी आधी तुम्ही, आधी तुम्ही.

आप्पा म्हणाले, "सूनबाई, तुम्ही सांगा. पैज तुमची हाय."

आता खरं सांगते. पैज हरले होते, तरी मनातनं मी शेडच्याच बाजूची होते. पोरानं मशीन आणलेलं, सळया ठोकलेल्या, आणि एका नारळाचं ऐकायचं? मनात म्हटलं, पैज गेली खड्ड्यात, पाणी लागलं की सगळे गप्प बसतील. मी उभी होते तिथनं शेड माझ्या डाव्या हाताला होतं. हातात विळा आणि वांग्यांची पाटी, म्हणून बोट दाखवता आलं नाही. मी ओरडले, "बायें लेव! बायें!"

ड्रायव्हरनं गाडी डावीकडं वळवली. त्याच्या डावीकडं.

गाडी सरळ चिंचेखाली जाऊन उभी राहिली.

मी तोंड उघडलं. तेवढ्यात मालकांकडं नजर गेली. त्यांनी टोपी काढून हातात घेतली होती आणि माझ्याकडं असे बघत होते, जसे लग्नातसुद्धा बघितले नव्हते. आप्पा म्हणाले, "बाई फाटक्या तोंडाची, पण शब्दाची पक्की." सागर जवळ येऊन कानात म्हणाला, "आई, तुला किती जड गेलं असंल, मला कळतंय."

मी तोंड मिटलं.

दुपारपर्यंत चिंचेखाली दोन इंची पाणी लागलं. झेंडू वाचला. बापलेक त्या पाण्यात उभे राहून एकमेकांवर चिखल उडवत होते. मी वांग्यांची पाटी डोक्यावर घेऊन घरी आले.

आता मालक गावभर सांगत फिरतात की बायको आपल्या शब्दाबाहेर नाही. मला राग येतो, पण बोलू कशी? खरं सांगावं तर पैज मोडायला निघाले होते, हे सांगावं लागेल. नवऱ्याचं आयुष्यात एकदाच ऐकलं, आणि तेही चुकून.