सही माझी, खूण माझी नाही

"तुम्ही व्हा पुढे, मी येते."

काकू हे वाक्य सायकलवरून म्हणत, आणि म्हणताना डावा हात हँडलवरून काढून हवेत असा काही फिरवत, जणू वाहतूक त्यांच्याच ताब्यात आहे. स्टुटगार्टमधली आमची गल्ली म्हणजे निव्वळ चढ. त्यावर काकूंची सायकल इतकी सावकाश चाले की मागून पायी येणाऱ्या लोकांचीच पंचाईत होई. मग काकू हात हलवून त्यांना वाट देत. मराठीत. समोर पोस्टमन असो नाहीतर तळमजल्यावरच्या जर्मन आजी, वाक्य तेच. आजींना तर त्याचा अर्थ पुरता कळला होता. त्या जर्मनमध्ये "या, या", म्हणजे "हो, हो", म्हणत पिशव्या सावरून पुढे होत. पण काकू सायकलवरून उतरून ती ढकलत नेताहेत, असं मी एकदाही पाहिलं नाही. तुम्ही त्यांना पाहिलं असतं तर तुम्हालाही आधी हसूच आलं असतं. मलाही यायचं.

मी त्यांच्या खालच्या मजल्यावर राहायचो. गाड्यांचे ब्रेक बनवणाऱ्या एका कंपनीत कंत्राटावर होतो. युरोच्या नोटा अजून कोऱ्या करकरीत वाटत, ते दिवस. काका गिअरच्या कारखान्यातून नुकतेच निवृत्त झाले होते आणि मुलगा हांबुर्गला होता. काकू फोनवर मराठीत विचारत, तो जर्मनमध्ये उत्तर देई आणि दोघांचं व्यवस्थित चाले. काकू मूळच्या मिरजेच्या. शाळेत सायकलवरून जात. लग्न होऊन जर्मनीत आल्या आणि पुढची सव्वीस वर्षं काकांच्या शेजारच्या सीटवर बसून हिंडल्या. छप्पन्नाव्या वर्षी त्यांनी जुन्या बाजारातून तीन गिअरची एक हिरवी सायकल उचलून आणली. काका म्हणाले, "अगं, पडशील." काकू म्हणाल्या, "अहो, मग उठेन."

काका वाईट माणूस नव्हते, हे आधीच सांगून टाकतो. ते काळजीवाहू होते. फक्त त्यांच्या काळजीला एकच वाट ठाऊक होती, ती म्हणजे समोरच्याचं काम आपण करून टाकणं. घरातला प्रत्येक फॉर्म काकाच भरत. पत्ता नोंदवायचा, आरोग्यविम्याचा, टॅक्सचा, मुलाच्या शाळेचा. भरून झाला की कागदावर बोट ठेवून म्हणत, "इथे सही कर." आणि काकू हात पुसत येऊन सही करून जात. आपल्याकडच्या किती घरांत हे असंच चालतं, तुम्हीच आठवून बघा.

आमच्या ऑफिसच्या फलकावर एका पर्यटन कंपनीचं माहितीपत्रक लागलं होतं. टांझानियात अकरा दिवस सायकलवर, किलिमांजारोच्या पायथ्यापासून गवताळ माळ, मग उसांबाराचे डोंगर आणि शेवटी समुद्र. सोबत वाटाड्या, आणि मागून एक गाडी. मी ते गंमत म्हणून घरी आणलं. त्या आठवड्यात जिना झाडायची पाळी काकूंची होती. त्यांनी झाडू भिंतीला टेकवून पत्रक माझ्या हातातून घेतलं आणि तिथेच पायरीवर बसून सगळं वाचलं. दोन दिवसांनी माझं दार वाजलं.

"मी नाव देतेय. तू येतोस?"

"काकू, डोंगर आहेत तिथे."

"इथे काय आहे मग?" त्यांनी खिडकीतून आमच्या गल्लीकडे बोट दाखवलं.

काकांचा विरोध आठवडाभर चालला. गुडघे झाले, मलेरिया झाला, लोक काय म्हणतील हेही झालं. मग एकाएकी ते तयार झाले आणि फॉर्म भरायला बसले. मला वाटलं, विरघळले. पण नंतर तळघरात कपडे वाळत घालताना त्यांनी मला बाजूला घेतलं. "डोंगराच्या दिवशी गाडीत बसणार, अशी एक चौकट होती फॉर्मात. मी तिथे खूण केलीय. तिला बोलू नकोस. तिकडे गेल्यावर तू समजूत काढ." मी "बरं" म्हणालो. इतकं सहज म्हणालो की आज त्याचाच राग येतो.

काकूंनी स्वतःचं सीट बरोबर घेतलं होतं. सायकली तिकडे मिळणार होत्या, पण नेहमी फिरणारे लोक सीट आपलंच नेतात, असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. विमानतळावरच्या अधिकाऱ्याने जुन्या इरकली लुगड्याच्या तुकड्यातून ते सोडवलं, उलटसुलट पाहिलं आणि पुन्हा तितक्याच नीट गुंडाळून दिलं.

मोशी गावात पहिल्या सकाळी आमचा वाटाड्या एलिया यादी घेऊन उभा राहिला. तो तिथलाच, पण जर्मन फाडफाड बोले. आम्ही दहाजण. आठ जर्मन, काकू आणि मी. वयाने मोठ्या बाईला तिकडे 'मामा' म्हणतात, म्हणून काकू पहिल्या मिनिटापासून मामा झाल्या. सूचना संपवता संपवता एलिया म्हणाला, "आणि मामा डोंगराच्या दिवसांत गाडीत."

काकू हसल्या. काहीतरी चूक झाली असणार, म्हणाल्या. एलियाने फॉर्मची प्रत काढून दाखवली. चौकटीत निळ्या शाईची ठसठशीत फुली होती आणि खाली काकूंची सही.

काकूंनी कागद बराच वेळ हातात धरला. "सही माझी आहे," त्या मराठीतच म्हणाल्या. "खूण माझी नाही."

मग माझ्याकडे वळल्या. "तुला ठाऊक होतं?"

"हो."

"बरं," म्हणाल्या, आणि पुढचे तीन दिवस माझ्याशी अवाक्षर बोलल्या नाहीत.

एलियाला मात्र त्यांनी सोडलं नाही. तो म्हणे, सही आहे, विम्याचा प्रश्न आहे, मी काय करू? काकू म्हणाल्या, कोरा फॉर्म दे. त्याने दिला. केळीच्या बागेत, पालथ्या घातलेल्या पिंपावर कागद ठेवून काकू एकेक ओळ वाचू लागल्या. आठही जर्मन हेल्मेट घालून उन्हात उभे. त्यांतल्या एक दातांच्या डॉक्टरीणबाई मदतीला गेल्या, त्यांनाही हाताने थांबवलं. अर्धा तास लागला. डोंगराची चौकट त्यांनी रिकामी ठेवली आणि शेजारी मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'इश फारं झेल्बर.' मी स्वतः चालवते. जर्मनीत सव्वीस वर्षं काढून काकूंनी स्वतः भरलेला हा पहिला फॉर्म, आणि तो भरला आफ्रिकेत.

एलियाने तो वाचून घडी घालून खिशात ठेवला. "ठीक. पण एक नियम सगळ्यांना. डोंगरात चार वाजले की जो रस्त्यावर असेल तो गाडीत. तिकडे अंधार लवकर पडतो." काकूंनी मान डोलावली.

माळावरचे दिवस लाल धुळीचे होते. रस्ता सरळ, दोन्ही बाजूंना गवत, अधूनमधून घायपाताची शेतं. लांबवर जिराफ उभे दिसले तेव्हा सगळे कॅमेरे काढून थांबले. काकूंनी वळून पाहिलं, पण पाय थांबवले नाहीत. थांबल्या असत्या तर मागे पडल्या असत्या, हा त्यांचा साधा हिशोब. सगळे त्यांना ओलांडून जात, त्या हात हलवत, आणि जेवणाच्या झाडाखाली आम्ही पोहोचल्यावर तासाभराने त्या लालभडक होऊन येत. धुळीने त्यांच्या भुवयासुद्धा रंगलेल्या असत. कुणी टाळ्या वाजवल्या तर त्यांना आवडत नसे. "मला जेवण वाढा, टाळ्या नकोत," हे त्या जर्मनमध्ये ठणकावून सांगत.

मग मोंबो गाव आलं. तिथून लुशोटोपर्यंत तीसेक किलोमीटर रस्ता वळणं घेत नुसता वर जातो. तिथे माझं पोट बिघडलं. तिशीतला, रोज जिमला जाणारा मी, मागच्या गाडीत जाऊन बसलो. आणि गाडी म्हणजे नावाप्रमाणे मागची. सगळ्यात शेवटच्या सायकलीच्या मागे राहायचं. त्यामुळे त्या दिवशी सकाळी सातपासून माझ्यासमोर फक्त काकूंची पाठ होती.

तुम्ही कधी कुणाची पाठ नऊ तास पाहिली आहे? मी पाहिली. ओढणी कमरेला घट्ट बांधलेली, शर्टावर घामाचा नकाशा. अर्धा तास चालवायचं, पाच मिनिटं झाडाला टेकून उभं राहायचं, पुन्हा चालवायचं. शाळेतून येणारी मुलं त्यांच्याबरोबर गप्पा मारत पायी चालत होती. एकदा तोल जाऊन त्या दगडांवर पडल्या. एलिया गाडीतून उतरेपर्यंत उठल्याही होत्या. कोपरातून रक्त येत होतं. त्यांनी ते बाटलीतल्या पाण्याने धुतलं आणि एलियाला विचारलं, "कुणी सांगितलं थांबायला?"

साडेतीनला पाच किलोमीटर राहिले होते. मला वाटत होतं, आता पुरे, बसा गाडीत, कुणाला काय सिद्ध करून दाखवायचंय? पण खरं सांगतो, त्या बसल्या असत्या तर मला रडू फुटलं असतं. चार वाजले. एलियाने गाडी शेजारी आणली, काच खाली केली आणि मनगट दाखवलं. "मामा, चार."

काकूंनी पाय न थांबवता स्वतःचं घड्याळ पाहिलं. काकांच्या फोनची वेळ चुकू नये म्हणून ते त्यांनी जर्मनीच्याच वेळेवर ठेवलं होतं. "माझ्यात तीन," त्या म्हणाल्या. "नियम तू सांगितलास. कुणाचं घड्याळ, ते नाही सांगितलंस."

एलिया इतका हसला की ड्रायव्हरने गाडी थांबवली. त्याने टपावरची आपली सायकल उतरवली, दिवा लावून पाहिला आणि काकूंच्या मागे चढावर निघाला. ड्रायव्हरला म्हणाला, तू हो पुढे. त्यांना ओलांडताना मी खिडकीतून पाहिलं. काकूंनी सवयीने डावा हात हलवला. चेहरा माझ्याकडे नव्हता.

पाचला त्या लुशोटोत आल्या. उभ्यानेच दोन कप चहा प्यायल्या आणि माझ्यासमोर येऊन तीन दिवसांनंतर पहिल्यांदा बोलल्या. "हे काकांना तू सांगायचंस. मी सांगितलं तर त्यांना खरं वाटणार नाही."

त्यानंतर उतार, मग नारळीची झाडं आणि अकराव्या दिवशी पांगानीचा किनारा. आम्ही पोहून, कपडे बदलून बसलो होतो, तेव्हा काकू आल्या. वाळूत चाक रुतत होतं तरी उतरल्या नाहीत. तशाच पाण्यात शिरल्या, पुढचं चाक बुडेपर्यंत. डॉक्टरीणबाई ओरडल्या, खाऱ्या पाण्याने साखळी गंजेल! माझ्याही डोक्यात बेअरिंगचाच विचार आला. काकू सीटवर बसून, दोन्ही पाय लाटेत टेकून समुद्राकडे बघत राहिल्या.

आता माझी लाज सांगतो. परतल्यावर काकांनी विमानतळावर विचारलं, "काय, कशी झाली ट्रिप?" आणि मी म्हणालो, "मस्त." एवढंच. त्यांच्या फुलीबद्दल त्यांच्या तोंडावर बोलायला मला संकोच वाटला. पुढे स्टुटगार्टच्या मराठी मंडळाच्या जेवणात काका चार लोकांना कौतुकाने सांगत होते, "डोंगरात गाडी होती बरोबर, म्हणून निभावलं." काकू पलीकडून स्पष्ट म्हणाल्या, "मी गाडीत बसले नाही." काका म्हणाले, "बरं, बरं." लोक हसले. काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी पानातली कोशिंबीर खात राहिलो.

त्यांनी मला कधी टोकलं नाही. सायकल मात्र चालवत राहिल्या, आणि फॉर्म स्वतः भरू लागल्या. काका बोट ठेवून दाखवत, तर त्या चष्मा लावून पहिल्या ओळीपासून वाचायला घेत.

मंदी आली, माझं कंत्राट संपलं आणि मी पुण्याला आलो. वर्षभराने काकू गेल्याचं कळलं. आजार झपाट्याचा होता. महिन्याभराने एका रविवारी संध्याकाळी काकांचा फोन आला. आवाज पार उतरला होता.

"अरे, मंडळाच्या अंकात हिच्याबद्दल चार ओळी द्यायच्यात. ती आफ्रिका लिहितोय. 'काही अंतर गाडीने' असं घालू ना?"

"नाही, काका."

"म्हणजे?"

"गाडीत मी बसलो होतो. काकू एकदाही बसल्या नाहीत. मी तुम्हाला तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं, चुकलो."

काका म्हणाले, "ती सांगायची रे. मी बरं, बरं म्हणायचो." खण उघडल्याचा आवाज आला. "थांब, कागद घेतो. पहिल्या दिवसापासून सांग."

मी सांगत गेलो. प्रत्येक दिवसाला ते विचारत, "आणि त्या दिवशी?" मी म्हणे, "सायकलवर." पेनाचा आवाज येई. लुशोटोच्या दिवशी त्यांनी दोनदा विचारलं, मी दोनदा सांगितलं. कोपराचं रक्त सांगितलं, घड्याळाचं सांगितलं, तेव्हा ते हसले, आणि हसता हसता त्यांना बोलता येईनासं झालं. मी थांबलो. ते म्हणाले, "थांबू नकोस."

नववा, दहावा. सायकलवर, सायकलवर.

अकराव्या दिवसाला त्यांनी ते विचारलंच नाही.

"समुद्र दिसला तेव्हा ती काय म्हणाली?"

"काहीच नाही, काका. बघत बसल्या होत्या."

"किती वेळ?"

"आम्ही हाका मारून दमलो, तोपर्यंत."

"बरोबर आहे," काका म्हणाले, आणि तेही त्यांनी लिहून घेतलं.