संकष्टीला बसवलेली कवळी

दातांची डॉक्टर व्हायचं म्हणजे जाड पुस्तकं पाठ करायची, एवढंच मला वाटायचं. शेवटच्या वर्षाला आमची स्वानंदी म्हणाली, "आई, परीक्षेला पेशंट आपणच न्यायचा असतो. एकही दात नसलेला. तो आला नाही तर मी नापास."

आमच्या गल्लीतले गणपतराव तयार झाले. ती त्यांना देवासहून इंदूरला कॉलेजात न्यायची. मापं झाली, मेणावर दात रचून झाले. आता ती कच्ची कवळी परीक्षकांसमोर बसवून दाखवायची होती. ऐन वेळी परीक्षा एक दिवस पुढे गेली. परीक्षेच्या सकाळी मीही सोबत निघाले; बसस्टँडवर गणपतराव मला म्हणाले, "वहिनी, आज संकष्टी. चंद्र दिसेपर्यंत मी पाणीसुद्धा तोंडात घेत नाही. मेण कसं घेऊ?"

"काका, काल तर हो म्हणालात!"

"काल तृतीया होती ना, बेटा."

स्वानंदीचा चेहरा उतरला. माझाही उपासच. मनातल्या मनात टेकरीवरच्या देवीला हाक मारली. कंडक्टर ओरडला, "माँसाब, चलना है कि नहीं?"

स्वानंदीने बॅग खाली ठेवली. "काका, उपास मोडू नका. पण संध्याकाळी गणपतीचं स्तोत्र म्हणाल ना?"

"म्हणतो की. दात नाहीत तर नुसतं फुसफुस होतं. तो घेतो समजून."

"कवळी नीट बसली का, ते पेशंटला बोलायला लावूनच बघतात. तुम्ही तिथे स्तोत्रच म्हणा. गिळायचं काही नाही, गुळणीही नाही."

ते मान हलवून हसले. मग "खिड़कीवाली सीट माझी हं," म्हणत बसमध्ये चढले.

कॉलेजात आत जाण्याआधी स्वानंदीने माझा हात धरला; तिचे हात गार पडले होते. मी दाराबाहेर बसले. आतून स्तोत्र ऐकू येत होतं, एकेक अक्षर स्वच्छ. मध्येच आवाज थांबला. खालची कवळी हिरडीवरून सुटून वर आली की काय? पण ते ओळ विसरले होते. आठवली, तसे पुढे म्हणू लागले.

बाहेर आले ते बोळकं घेऊनच. "वहिनी, बत्तीशी काढून घेतली हो हिने!"

"काका, मेणाची आहे ती. पुढच्या चतुर्थीच्या आत पक्की देते."

दिली. पासही झाली. आता देवासला तिचा स्वतःचा दवाखाना आहे. म्हाताऱ्या पेशंटला तारीख देण्याआधी मला फोन करून तिथी विचारते. आणि कुणाची कवळी बसवायची असली की सकाळी घरून निघताना माझा हात धरते. तिचे हात अजून गारच लागतात.