आठ झाले आणि मी उठले

मुलुंडला एका सोसायटीच्या हॉलमध्ये शनिवारी सकाळी नऊ ते अकरा आमचा नाचाचा वर्ग असायचा. नाच म्हणजे गाण्यावर स्टेप्स बसवणं नव्हे. जोडीदाराच्या अंगाला अंग टेकवायचं, आपलं वजन तिच्यावर सोडायचं, तिचं आपण पेलायचं, आणि पुढे काय होणार ते आधी ठरवायचं नाही. शिकवणाऱ्या मुलीने हे शेवटचं पहिल्याच दिवशी सांगितलं तेव्हा मी दाराकडे पाहिलं. मी एका छोट्या कारखान्याचं ऑफिस सांभाळते. भाजीला निघतानाही माझ्या हातात चिठ्ठी असते. खांदा आखडला होता, डॉक्टरांनी हालचाल ठेवा म्हणून सांगितलं होतं, आणि योगाच्या वर्गात जागा नव्हती. मी तिथे पोचले त्यामागे एवढंच कारण.

तरुण मुलामुलींनी भराभर जोड्या जमवल्या. उरलो आम्ही दोघी, पन्नाशीच्या. ती घाटकोपरहून यायची, हॉस्पिटलात नर्स होती.

"ये गं," ती म्हणाली, "सेकंडहँड माल एकत्रच बरा."

माझं वजन पाहून घाबरू नकोस, असं मी म्हटलं तर ती हसली. "रोज पेशंट उचलते मी. ते तर अंग सोडूनच देतात. तू निदान पोट आवळून धरतेस."

आम्हाला 'टेबल' शिकवलं. एकीने हात आणि गुडघे टेकून पाठ सपाट ठेवायची, दुसरीने त्या पाठीवर आडवं पडायचं. नियम एकच होता. वरचीचे पाय जमिनीला लागल्याशिवाय टेबलने हलायचं नाही.

घरी आल्यावर मी तो सगळा सराव वहीत उतरवला. पाठीला पाठ, आठ आकडे. डावीकडे झुकणं, आठ. टेबल, आठ. मग उठणं. वहीबद्दल मी कोणाला सांगितलं नाही. दोन शनिवार छान गेले. शिकवणारी म्हणालीसुद्धा, "ताई, आता तुमची भीती गेली." भीती गेली नव्हती, तिला मी ओळीत उभं केलं होतं.

तिसऱ्या शनिवारी मी टेबल झाले. ती पाठीवर आडवी आली. सहा, सात, आठ. आणि मी उठले.

ती अजून वरच होती. माझ्या खांद्यावरून घसरली आणि उजवा हात टेकून पडली. "आई गं" एवढंच म्हणाली. समोरच्या डेअरीतून बर्फ आणेपर्यंत मनगट सुजलं होतं. ती स्वतःच बोटं हलवून बघत होती, एकेक, आणि मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. नर्सचा उजवा हात. घरात कमावणारी ती एकटी, हे मला माहीत होतं.

हाड मोडलं नव्हतं. तीन आठवडे काही उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. तेवढ्या दिवसांसाठी तिला वॉर्डातून काढून केसपेपर लिहायला बसवलं. मी फोन करायचे, सूज विचारायचे, गरम पाण्याच्या शेकाची आठवण करून द्यायचे. हात पूर्वीसारखा झाला नाही तर काय, हे विचारायचं रोज ठरवायचे आणि रोज फोन ठेवून द्यायचे. मुठीची ताकद, तिची नोकरी, तिचं वय. ऑफिसात बिलं लावतानाही हेच डोक्यात. माझ्या यादीत 'खरं सांगणं' हे काम रोज दुसऱ्या दिवसावर जात होतं.

सतराव्या दिवशी फोनवर सांगितलं. "मी मोजत होते गं. आठ झाले म्हणून उठले. तू वर आहेस हे... लक्षातच नव्हतं."

मला वाटलं, संपलं.

"म्हणजे मी जड झाले नव्हते तुला?"

"नाही गं!"

"अगं बाई! दोन आठवडे भात सोडलाय मी!" मग आवाज खाली आला. "मला वाटलं, तुला पेललं नाही, आणि तू बोलत नाहीस."

पडल्यानंतरच्या चौथ्या शनिवारी ती वर्गाला आली. मनगटावर पट्टी, रात्रपाळी करून थेट. वॉर्डात परत घेतलं होतं, पण पेशंट उचलताना अजून डावा हात पुढे करते म्हणाली. मी म्हटलं, आज बसून बघूया. ती म्हणाली, "टेबल हो."

"तुझा हात..."

"हाताचं काम नाहीये, पाठीचं आहे. हो ना टेबल."

मी झाले. माझे तळवे मॅटवर घामाने चिकटले होते. ती हळूहळू आडवी झाली. एक, दोन, आपोआप सुरू झालं.

"मोजतेयस."

"तुला कसं कळलं?"

"बरगड्या थांबतात तुझ्या. श्वास घे."

श्वास घेतला तशी ती पाठीवर किंचित वर आली, सोडला तशी खाली गेली. मी पुन्हा मोजू लागले, पुन्हा चुकले. गुडघे दुखत होते. माझी पाठ हलली की तिचा पट्टीवाला हात माझ्या दंडाला घट्ट व्हायचा. तिलाही भीती वाटत होती. मग मी अजिबात हलले नाही.

इतरांनी मॅट गुंडाळल्या. अकरा वाजले असावेत, कारण वॉचमन दारात आला. हॉलमध्ये पुढे कोणाचं तरी बारसं होतं.

"मॅडम, टाइम झाला."

नऊच्या ठोक्याला हॉल मोकळा हवा, अशी या माणसाला मीच दर आठवड्याला आठवण करून द्यायचे.

"थांबा," मी जमिनीकडे बघत म्हटलं. "अजून ती उतरली नाहीये."

तो खुर्च्या मांडू लागला. एकेक खुर्ची फरशीवर आपटत होती. बऱ्याच वेळाने माझ्या उजव्या बाजूचं वजन कमी झालं, मग तिचा एक पाय मॅटला लागल्याचा आवाज आला. मी दुसऱ्या पायाची वाट बघत राहिले.