हार्ड मेपलच्या काउंटरवर उमटलेली बोटं

लेकाचं काम डोळ्यांनी बघावं म्हणून आम्ही नवराबायको नाशिकहून दोहाला निघालो. मुंबईहून विमान साधारण चार तासांत पोचवतं. ऑक्टोबरातही ऊन भाजून काढतं, तेव्हा कपडे सुतीच घ्या. आम्ही उतरलो अल सद्दला, नीलेशच्या फ्लॅटवर. गावात फिरायला मेट्रो स्वस्त आणि गारेगार, पण त्याच्या सुतारकामाच्या वर्कशॉपला जायला टॅक्सीच लागते.

तिथं एका कॅफेसाठी हार्ड मेपल नावाच्या अमेरिकन लाकडाचा काउंटर तयार होता. मालकाला पसंत पडला तर त्याच्या आणखी दोन कॅफेंचं काम नीलेशला. नाहीतर वर्कशॉप बंद करून पुन्हा नोकरी.

मी बघून बघून सुतारकी शिकलो, जन्मभर साग रंधला. हे लाकूड सायीसारखं गोरं, सागाहून कडक, घट्ट रेषांचं. खाण्याला वास लागू देत नाही, म्हणून भाजी चिरायचे पाट, लाटणी याची करतात. बास्केटबॉलच्या जमिनीसुद्धा!

मी हात फिरवतोय तोवर हिनं पर्समधून पुड्या काढल्या, बोटं ओली केली आणि नव्या वस्तूला लावतात तसं त्या कोऱ्या लाकडावर हळदकुंकू ओढलं.

"आई! अगं तेल-पॉलिश काही दिलेलं नाहीये त्याला! तासाभरात मालक येतोय!"

"अरे, शुभ असतं..."

"शुभ? डाग पडला ना!"

ही भिंतीला टेकून उभी राहिली. आपलेच दात, आपलेच ओठ. मी कुणाला बोलणार?

ओल्या फडक्यानं पुसलं तर कुंकू निघालं, पण पिवळं आणखी पसरलं. हळदीचा रंग उन्हात उडतो, पण एसीतलं लाकूड बाहेरच्या भट्टीत नेलं तर पापडासारखं वाकायचं. घासायचं मशीन एका जागी दाबलं तर मेपल करपतं.

"बाबा, पातीनं खरवडता? तुमचा हात हलका आहे."

मी पाती धरली. रेषा घट्ट, म्हणून डाग खोल मुरला नव्हता. केसासारखा तलम भुसा निघत गेला. शेवटचा पिवळेपणा गेला आणि बाहेर गाडी थांबली.

मालक तिथलाच, मोडकं हिंदी बोलणारा. काउंटरवर तळवा फिरवत आला आणि नेमका खरवडलेल्या जागी थांबला. "इधर नीचे है?"

नीलेशनं लपवलं नाही. "मेरी माँ ने पूजा का रंग लगाया था. हमने घिसा."

हातातला करक चहाचा, म्हणजे तिकडच्या कडक दुधाळ चहाचा, कप त्यानं त्याच जागी ठेवला, कडेला बोटानं दाबला. कप डुगडुगला नाही.

"खलास," तो म्हणाला, म्हणजे त्यांच्या भाषेत 'झालं, ठरलं'. "दो और बनाओ. लेकिन माँ को दूर रखना!"

घरी आल्यावर जो तो विचारतो, वाळवंट पाहिलं का, उंच इमारती पाहिल्या का? पाहिल्या हो, छानच आहेत. पण परवा नीलेशनं गजबजलेल्या कॅफेतल्या त्या काउंटरचा फोटो पाठवला, तेव्हा ही मोबाइल नाकाला लावून बसली.

"डाग शोधतेस?"

"खड्डा शोधतेय."

बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "दिसत नाही हो," आणि फोटो शेजारच्या वहिनींना दाखवायला निघाली.