बाबांच्या तोंडावर माझं नाव

देवबागच्या किनाऱ्यावर रापणीचं मोठं जाळं ओढलं की दोरीला हात लावणाऱ्या प्रत्येकाला मासळीचा वाटा मिळतो. हात न लावता वाटा मागायला कोणी येत नाही. म्हणूनच आमच्या होडीचा मी काढलेला फोटो एका हॉटेलच्या जाहिरातीत दिसला, तेव्हा माझं डोकंच फिरलं. फोन केला, तर तिथला माणूस म्हणतो, "नेटवर होता, घेतला." मेल्याला लाज नाही!

मग मी सगळ्या फोटोंवर माझं नाव घातलं. कोपऱ्यात घातलं तर कोपरा कापतात, म्हणून मधोमध, आडवं, जाड अक्षरांत. बाबांच्या फोटोंत ते बरोबर त्यांच्या तोंडावर आलं. वर मूळ फोटो फोनमधून, नेटवरून, सगळीकडून पुसून टाकले. नसलेच तर चोरणार काय? केवढी हुशार मी!

महिन्याभरात रापण ओढतानाचे बाबा त्याच हॉटेलच्या जाहिरातीत. माझं नाव सफाईने पुसलेलं. तक्रार केली, तर उत्तर आलं, मूळ फोटो पाठवा. कुठून पाठवू? मी आदळआपट करत होते आणि बाबा आपले जाळं शिवत हसत होते. "फोटोच नेल्यानी मा गो? माका तर नाय नेल्यानी."

गेल्या वर्षी बाबा गेले. तेराव्याला फोटो हवा होता. स्टुडिओवाला म्हणाला, "ताई, नावाखाली चेहराच उरला नाही ओ." शेवटी मान खाली घालून मी त्या जाहिरातीतलाच फोटो उतरवून घेतला आणि मोठा करून आणला.

आई हार घेऊन उठली आणि तिथेच थांबली. वल्हं लागून बाबांच्या भुवईवर पडलेला वण फोटोत नव्हता. नावाबरोबर तोही पुसला गेला होता, आणि डोळे कोणा परक्याचेच बसवले होते.

"ह्यो कोण गो?" तिने विचारलं. मला रडू आवरेना.

मग भिंतीवर आधार कार्डावरचा फोटो लावला. त्यात बाबा चोरासारखे दिसतात म्हणून आई त्यांना कायम चिडवायची. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती मी घरातल्या घरात दिली.

जाहिरात अजून फिरते. त्यातला माणूस छान हसतो. आई त्याच्याकडे बघत नाही, आणि हल्ली भिंतीकडेही बघत नाही.