खुर्च्यांच्या मधली वाट

आमच्या मंडळीत माणसं कमी आणि किस्से जास्त. मोठ्या शहरातल्या चर्चमध्ये म्हणे कोण आलं, कोण गेलं ते कळत नाही. रिसोडमध्ये आम्ही मोजकीच ख्रिस्ती घरं. एक जण शिंकला की दुसऱ्या घरून काढा येतो! त्यामुळे कुठलीच गोष्ट हरवत नाही, साठत जाते. मी फारसं बोलत नाही, म्हणून लोकांना वाटतं माझं लक्ष नसतं. लक्ष असतं!

यातले निम्मे किस्से माझ्या मम्मीचे आहेत. ती दवाखान्यात नर्स आहे आणि तिला प्रत्येक गोष्टीवर मत आहे. पप्पा शाळेत गणित शिकवतात. वर्गाबाहेर ते जवळजवळ बोलतच नाहीत. मी पप्पांवर गेले आहे.

आमच्या प्रार्थनेच्या हॉलमध्ये डावीकडे बाया बसतात, उजवीकडे माणसं, मध्ये चालायची वाट. मम्मीची एकच इच्छा आहे, चर्चमध्ये नवऱ्याशेजारी बसायचं. तिनं हे शांतवन आजोबांना सांगितलं. ते आमच्या मंडळीतले सगळ्यात वडीलधारे, त्यांच्या शब्दापुढे कुणी जात नाही.

"आपल्यात तशी पद्धत नाई, पोरी," आजोबा म्हणाले.

"बाबा, आमचं लग्न याच हॉलमंधी लागलं. तुमीच आमाले जोडलं ना? मंग दर रविवारी तोडता कायले?"

आजोबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाले, "चहा झाला का तुमचा?"

* * *

मम्मीची दवाखान्यातली मैत्रीण कमलमावशी बंजारा आहे. तिच्याबरोबर आम्ही पोहरादेवीच्या यात्रेला गेलो. मानोरा गावाहून पुढे जीप इतकी भरली, की पप्पा अर्धे सीटवर आणि अर्धे मम्मीच्या मांडीवर! पप्पा लाजेनं खिडकीबाहेर बघत होते. मम्मी मात्र खूश. म्हणाली, "पाहा कमल, या जीपवाल्याले जे समजते ते आमच्या मंडळीले समजत नाई!"

पुढच्या रविवारी शांतवन आजोबांच्या बायकोनं, राहेल आजीनं, मम्मीला दारातच गाठलं.

"यात्रेले गेलती म्हने. हात जोडले का तिथं?"

"जोडले. कोनाच्या घरी गेलं की घरातल्या मोठ्याइले नमस्कार करतोच ना आपन?"

आजीनं इकडेतिकडे बघितलं. सगळ्या बाया कान टवकारून. शेवटी आजी हळूच म्हणाली, "प्रसाद आनला का?"

आणला होता. आजीनं तिथंच, दारात उभ्या उभ्या संपवला!

* * *

मम्मी आणि पप्पा वेगळे बसतात, याचा सगळ्यात जास्त त्रास मला होतो. कारण दोघांमधला पोस्टमन मी! "चावी पप्पांकडे आहे का विचार." "मम्मीला सांग, पाकीट घरी राहिलं." प्रत्येक वेळी मला सगळ्यांसमोरून ती वाट ओलांडावी लागते. माझे कान लाल होतात.

एकदा मम्मीला मध्येच आठवलं, की दूध गॅसवर होतं. मी गेले. पण पप्पा तेव्हा समोर उभे राहून प्रार्थना करत होते, त्यांची पाळी होती. मी त्यांच्या शर्टाची बाही ओढली आणि कानात निरोप सांगितला. त्यांनी डोळे मिटलेलेच ठेवले. आजारी माणसांसाठी प्रार्थना केली, शेतकऱ्यांसाठी केली, परीक्षेला बसणाऱ्या मुलांसाठी केली. मग त्याच गंभीर आवाजात म्हणाले,

"...आमेन. आनि गॅस मी बंद केला हाये."

* * *

कापणीच्या सणाला आमच्याकडे लोक शेतातलं, घरातलं काहीतरी देवाला आणून देतात. मग हॉलमध्येच त्याचा लिलाव होतो आणि पैसे मंडळीला जातात. लिलाव शांतवन आजोबाच करतात. कुणी ओरडायचं नाही, फक्त हात वर करायचा अशी रीत.

यंदा एक तुरेबाज गावरान कोंबडा आला. तो बघायला सगळी पोरं मधल्या वाटेत उभी राहिली. मागच्या रांगेतून मम्मीनं हात वर केला, कारण पप्पांना कोंबडा आवडला असेल असं तिला वाटलं. पुढच्या रांगेतून पप्पांनी हात वर केला, कारण मम्मीला आवडला असेल असं त्यांना वाटलं. पोरांच्या गर्दीमुळे दोघांना एकमेकांचे हात दिसेनात. आजोबांना दोन्ही दिसत होते! ते आपले शांतपणे भाव वाढवत राहिले. मला ओरडून सांगायचं होतं, पण सगळ्यांसमोर ओरडायचं कसं?

कोंबड्याची किंमत बकरीच्या वर गेली तेव्हा पोरं हसत खाली बसली, आणि हात वर केलेल्या मम्मीला हात वर केलेले पप्पा दिसले.

मम्मी उभी राहिली. "बाबा! आता तरी पटलं ना, नवराबायकोनं सोबत काहून बसावं ते?"

"पटलं," आजोबा म्हणाले. "अन् मी तुमाले काहून बसू देत नाई, तेबी तुले पटलं असंन!"

* * *

मम्मीनं मात्र हार मानली नाही. महिन्यातून एकदा पास्टर येतात, त्यांच्यासमोर तिनं विषय काढला. पास्टर तरुण आहेत. त्यांनी सरळ पप्पांनाच विचारलं, "सर, तुमचं काय मत?"

सगळा हॉल पप्पांकडे बघत होता. पप्पा बुटांकडे बघत होते.

त्या दिवशी जेवताना मम्मीनं पप्पांना भाजी वाढली, पण "अजून घ्या" म्हटलं नाही. आमच्या घरात यापेक्षा मोठं भांडण होत नाही.

नंतर अंगणात पप्पा मला म्हणाले, "माह्यं मत तिच्यासारखंच हाये, बेटा. पन सगळे पाहून राह्यले ना, की तोंड उघडत नाई, पायबी उचलत नाई."

मला हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

* * *

पुढच्या खेपेला पास्टरांनी जाहीर केलं, "ज्यांना सोबत बसायचं त्यांनी बसावं. जबरदस्ती नाही."

कुणी हललं नाही. मम्मीनं शेजारच्या खुर्चीवर पर्स ठेवली होती. ती समोर बघत होती, पण पर्सचा बंद घट्ट धरून.

पहिलं गाणं झालं. दुसरं झालं. आणि शांतवन आजोबा उठले! काठी टेकत ते मधल्या वाटेत आले. आम्हाला वाटलं, आता रागावणार. ते वाट ओलांडून गेले आणि राहेल आजीशेजारी बसले.

आजी दचकली. "आता हो कायले आले इकडं? पास्टरचा संदेश चालू झाला की मले झोप लागते, ते दिसन ना तुमाले!"

सगळा हॉल हसला. पास्टरसुद्धा. त्या हसण्यात पुढच्या रांगेतली एक खुर्ची करकरली. पप्पा उठले होते. कान माझ्यासारखेच लाल. हसू थांबलं तेव्हा ते वाटेच्या बरोबर मध्ये होते, आणि सगळे बघत होते. त्यांनी पुढचं पाऊल टाकलं.

मम्मीच्या खुर्चीपाशी येऊन, एसटीत अनोळखी बाईला विचारावं तसं ते म्हणाले, "इथं कोनी बसलं हाये का?"

मम्मीनं पर्स उचलली.

"लग्न झाल्यापासून जागा धरून ठेवली हाये. बसा!"