वायरवाल्याचे तीन दिवस

"वायरवाला काकांच्या घरी तीन दिवस चहा पीत बसला, वायर तपासलीच नाही, आन् माझ्या पोरीच्या लग्नाचे फोटो बुडवले."

वाचनालयाच्या बैठकीत चिटणीसांनी केलेले हे निवेदन. नव्या संगणक-कक्षाच्या वायरिंगसाठी मी त्याचे नाव सुचवले होते आणि ते या एका वाक्यावर बाजूला पडले. निर्णय पुढच्या बैठकीत व्हायचा आहे. त्यापूर्वी हे लिहितो. कारण ते काका म्हणजे मी. ज्या घरात हे घडले ते घर माझे आहे, चिटणीसांचे नव्हे.

पुसदमध्ये तुम्हीही त्याला पाहिले असेल. खांद्यावर वायरचे वेटोळे, कानावर पेन्सिल, हातात शाळकरी वही. काहीही बदलले की तो वहीत लिही: काय बदलले, वेग किती झाला. आपण घाई केली की मान वर न करता म्हणे, "एका टायमाले एकच, काका. दोन गोष्टी बदलल्या तर कोनतीनं गुण आला हे कसं समजन?" लोक या सवयीला मंदपणा म्हणत. चाळीस वर्षे मी फोटो स्टुडिओ चालवला. अंधाऱ्या खोलीत घाई करणाऱ्यांनी किती फिल्म वाया घालवल्या हे मी मोजलेले नाही, पण पाहिलेले आहे.

त्याचा एक किस्सा सांगतो. आमच्या गल्लीतल्या एका प्राध्यापकांकडे इंटरनेट रखडत होते. कारण उघड होते: त्यांच्या पत्नीने राउटरवर विणलेली जाड झालर घालून तो लोखंडी कपाटामागे सरकवला होता. मी सोबत होतो. त्याने झालर हातात घेऊन निरखली आणि म्हणाला, "ताई, एवढी सुंदर विणली, आन् कपाटामागं ठेवता काहून? टीव्हीवर टाका, चार लोक पाहतीन." झालर टीव्हीवर गेली, राउटर भिंतीवर आला. प्राध्यापकांनी विचारले, "दोष काय होता?" तर उत्तर, "जागा बदलली, झालं." बाहेर आल्यावर मी त्याला टोकले. तो म्हणाला, "घरात कोनाची चूक हाय हे सांगाले मी जात नाही. मशीनचं सांगतो."

आता माझ्या घराचे. पुढच्या खोलीतल्या जुन्या संगणकात साऱ्या तालुक्याची लग्ने साठवलेली होती. त्याची डिस्क किरकिरू लागली, म्हणून मी मागच्या खोलीत नवा साठवणीचा डबा बसवला. फाईली वायरीने तिकडे जायच्या होत्या. पण त्या मुंगीच्या पावलाने सरकू लागल्या. डिस्क बंद पडण्याआधी सगळे हलवणे भाग होते. मी त्याला बोलावले.

त्याने एक लग्न कॉपीला लावले आणि पडद्यावर सेकंदाला किती एमबी जातात तो आकडा पाहत बसला.

"अकरा," तो म्हणाला. थोड्या वेळाने पुन्हा, "अकराच. काका, डिस्कचा दोष असता तर आकडा खालीवर झाला असता. हा एकाच जागी बसून राह्यला. वायरीत आठ तारा असतात. चारच लागल्या तरी काम चालते, पन दहापट हळू. ह्या कपाटामागच्या वायरीचं टोक कोनं बसवलं?"

कंपनीच्या माणसाने बसवले, मशीन लावून तपासले, असे त्याला सांगण्यात आले.

"मंग ठीक," तो म्हणाला आणि बाकीचे तपासू लागला. म्हणजे चिटणीस ज्याला निष्काळजीपणा म्हणतात तो हा: पहिल्या तासात त्याने बोट बरोबर जागेवर ठेवले आणि दिलेल्या शब्दाचा मान राखून ते उचलले. दोन दिवस त्याने वायरी जोडणारा स्विच बदलला, संगणकातले कार्ड बदलले, सेटिंग पाहिले. दर वेळी वहीत एकच आकडा. आणि चहा? तो दिवसाला अर्धा कप, तोही माझी पत्नी आग्रह करी म्हणून. संध्याकाळी जाताना तो कॉपी चालू ठेवून जाई. आज जी लग्ने शिल्लक आहेत ती त्यामुळेच.

तिसऱ्या दिवशी दुपारी किरकिर थांबली, डिस्क बंद पडली. त्याने डिस्कवर तळहात ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही. तीन वर्षांची लग्ने नव्या डब्यात जायची राहिली होती. चिटणीसांच्या मुलीचे त्यातच होते.

मग न विचारता त्याने कपाट सरकवले, वायरीचे टोक उजेडात धरून पाहिले, कापले, नवे बसवले. आकडा शंभरावर गेला. आता पाठवायला काही उरले नव्हते. कापलेले टोक त्याने शर्टाच्या खिशात टाकले.

संध्याकाळी चिटणीस आले. मी बोलण्यासाठी तोंड उघडण्याआधीच तो हात जोडून म्हणाला, "माही चूक हाय साहेब. मले उशीर झाला."

त्यानंतर त्याला कामे मिळेनाशी झाली. दुकान बंद करून तो फुलसावंगीला भावाच्या शेतावर गेला. मागच्या महिन्यात मी फोन केला. मागे सोयाबीन मळणीचा आवाज होता.

"कसा आहेस?"

"बरं चालून राह्यलं काका. तुमचा स्पीड बरोबर येते ना?"

"येतो."

"मंग झालं."

वाचनालयाने कोणाला बोलवावे हा समितीचा अधिकार आहे. चिटणीसांचा संताप मला समजतो. मुलीच्या लग्नाचे फोटो पुन्हा काढता येत नाहीत. मात्र तो संताप चुकीच्या माणसावर आहे, आणि त्याचा निकाल एका गोष्टीने लागतो. कपाटामागचे ते टोक घरच्या पकडीने मी स्वतः बसवले होते, आणि त्याने विचारले तेव्हा कंपनीच्या माणसाचे नाव मीच पुढे केले.